परदेशातल्या तलावाची भरती-ओहोटी: निवांत पोहायला जागा आणि वेळ कशी शोधावी

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला खाडी काठोकाठ. अष्टमीला सहा. जयगडच्या खाडीकाठी माझं माहेर. तिथे हे गणित आम्हाला शाळेत जायच्या आधी आलं, कारण वेळ चुकली की पोहायला पाणी नाही, नुसता चिखल आणि पाय कापणारी कालवं.

परदेशात पोहायची जागा शोधताना मला याच गणिताचा उपयोग झाला. मुलगी इंग्लंडात, मुलगा सिडनीला, दीर मस्कतला, त्यामुळे गेली बारा वर्षं आमचं जाणं-येणं चालू आहे. जाईन तिथे आठवड्यातून तीन-चार वेळा किलोमीटरभर पोहायचं हा माझा नेम. सुरुवातीला मी "इथे शांत तलाव कुठे आहे?" असं विचारत फिरायचे. तसा तलाव कुठेच नसतो. सकाळी सातला जिथे हात मारायला जागा नसते, तिथेच दुपारी दोनला तुम्ही आणि खुर्चीवरचा लाइफगार्ड असे दोघंच असता. जागा शोधणं त्यामानाने सोपं. खरी शोधायची ती वेळ.

चिपळुणात आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणी आता मुलांकडे सहा-सहा महिने राहायला जातात. "काकू, तिकडे पोहायला मिळतं का हो?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी हॉटेलचा तलाव डोक्यातून काढा

हॉटेलच्या फोटोतला निळाशार तलाव बहुधा आठ-दहा मीटरचा आणि काजूगरासारखा वाकडा असतो. चार हात मारले की भिंत. मुलांच्या इमारतीत गच्चीवर असतो तोही तसाच. फेऱ्या मारायच्या तर सरळ २५ मीटर तरी लांबी हवी, आणि तळाशी काळी रेघ हवी, म्हणजे मान वर न काढता सरळ जाता येतं.

लांबी आधी विचारून घ्या, नाहीतर फेऱ्यांचा हिशेब चुकतो. ऑलिंपिक तलाव ५० मीटरचा, म्हणजे किलोमीटरला २० लांब्या. २५ मीटरचा असेल तर ४०. अमेरिकेत पुष्कळ तलाव २५ यार्डांचे असतात, म्हणजे २२.८६ मीटर, तिथे ४४ लांब्या मारल्या की किलोमीटर पुरा होऊन वर थोडं उरतं. जुन्या इमारतींमध्ये तर काहीही निघतं. पॅरिसचा पाँत्वाझ तलाव १९३४ सालचा, तो ३३ मीटरचा. लंडनच्या सोहो भागातला मार्शल स्ट्रीटचा तलाव ३० मीटरचा. आणि लंडनच्याच टूटिंग बेकचा उघडा तलाव, १९०६ सालचा, चक्क १०० यार्डांचा, म्हणजे ९१ मीटर. एका दमात टोक गाठता गाठता जयगडहून दाभोळला निघाल्यासारखं वाटतं.

दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे पाण्याचं तापमान. आपलं समुद्राचं पाणी बहुतेक वर्षभर २६ ते ३० अंशांच्या मधे असतं, अंगाला तीच सवय. स्पर्धेच्या तलावाचा नियम २५ ते २८ अंशांचा; पहिल्या दोन लांब्या गार वाटतात, मग काही नाही. पण वेळापत्रकात किंवा माहितीत 'अनहीटेड' हा शब्द दिसला तर थांबा. टूटिंग बेक तसाच आहे, पाणी तापवत नाहीत. तिथे मे महिन्यात मी पायरीवर एक पाय बुडवला आणि काठावर बसून लोकांचं कौतुक केलं.

कोणत्या शब्दाने शोधायचं

'स्विमिंग पूल' असं टाकलं की नकाशा हॉटेलं आणि वॉटर पार्क दाखवतो. सार्वजनिक तलावाला प्रत्येक देशात आपला शब्द आहे. इंग्लंडात 'लेझर सेंटर', उघड्या तलावाला 'लीडो'. ऑस्ट्रेलियात 'अ‍ॅक्वाटिक सेंटर'. अमेरिकेत शहराच्या 'पार्क्स अँड रिक्रिएशन' खात्याची यादी बघा, नाहीतर जवळचं वायएमसीए. फ्रान्समध्ये 'पिसीन म्युनिसिपाल'. जर्मनीत छताखालच्या तलावाला 'हालनबाड' आणि उघड्याला 'फ्रायबाड'. इटलीत 'पिशीना कोमुनाले', स्पेनमध्ये 'पिसीना मुनिसिपाल', स्वीडनमध्ये 'सिमहाल'. जपानमध्ये 'शिमिन पूल', म्हणजे नगरवासीयांचा तलाव. हे शब्द त्या त्या लिपीत फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमधून उचलून नकाशात डकवायचे. इंग्रजीत शोधून न सापडलेले दोन-चार तलाव हमखास वर येतात, आणि पर्यटकांना न सापडणारे तलाव म्हणजे आपल्याला हवे तेच.

सिंगापूरला हा त्रास नाही. तिथले सरकारी तलाव सगळे 'अ‍ॅक्टिव्हएसजी' या एकाच नावाखाली आहेत. हाँगकाँगमध्येही सरकारचं एकच खातं सगळे तलाव चालवतं. दोन्हीकडे तिकीट स्वस्त.

वरून बघा, मग खालून

उघडा तलाव असेल तर नकाशा उपग्रहाच्या चित्रावर घ्या. गूगल मॅप्समध्ये अंतर मोजायची सोय आहे. तलावाच्या एका टोकाला बोट दाबून धरा, 'मेजर डिस्टन्स' निवडा, दुसऱ्या टोकापर्यंत न्या. वेबसाइटवर 'मोठा तलाव' म्हणून लिहिलेला तलाव १७ मीटरचा निघाल्याचं मी स्वतः मोजलं आहे. जावयांनी तेव्हापासून मला 'तलाठी' असं नाव ठेवलं.

छताखालच्या तलावाला हा उपाय चालत नाही. तिथे लोकांनी टाकलेले फोटो बघायचे, तलावाने स्वतः टाकलेले नव्हेत. तळाच्या काळ्या रेघा दिसतात का? पोहायचे पट्टे, म्हणजे लेन, आखणाऱ्या दोऱ्या किती आहेत? टोकाला उडी मारायचे चौथरे आहेत का? चौथरे असले तर लांबी बहुधा नेमकी असते. फोटोत घसरगुंडी आणि रंगीत छत्री दिसली तर तो मुलांचा तलाव, पुढे चला. अभिप्राय वाचायचे तर नवे आधी लावून, आणि त्यात 'लेन' हा शब्द शोधून. "मुलांना फार मजा आली" असे पन्नास अभिप्राय असले तर तीही आपल्याला उपयोगी माहितीच आहे.

वेळापत्रक म्हणजे पंचांग

या कामाला एक अख्खी संध्याकाळ द्या. बाकी सगळं चुकलं तरी चालेल.

सार्वजनिक तलावाचा दिवस जगभर जवळजवळ सारखा असतो. पहाटे साडेसहा ते आठ नोकरीवाले येतात. गर्दी असते, पण सगळे पोहणारे, गप्पा मारणारं कोणी नाही. ऑस्ट्रेलियात त्याच वेळी क्लबची पोरं सरावाला असतात आणि अर्ध्या लेन त्यांच्या ताब्यात. मग शाळा. नऊ ते तीनच्या दरम्यान शाळेचे वर्ग पोहायला शिकायला येतात, पण दिवसभर सलग नाही. मधल्या फटीच आपल्या. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसवाले अर्धा-पाऊण तास येऊन जातात. दुपारी दोनच्या आसपास पाणी बहुधा स्तब्ध. चारपासून साडेसहापर्यंत लहान मुलांच्या शिकवण्या. त्या वेळी जायचंच नाही. सात ते नऊ क्लब, वॉटरपोलो, पाण्यातले व्यायामाचे वर्ग. आणि बंद व्हायच्या आधीचा शेवटचा तास हा दिवसातला दुसरा निवांत काळ. मात्र शेवटचा प्रवेश कितीला आणि पाण्याबाहेर कितीला यायचं, या दोन वेगळ्या वेळा असतात, त्या दोन्ही बघा.

वेळापत्रकात स्वतःची ओळ कोणती तेही कळायला हवं. 'लेन स्विमिंग' किंवा 'लॅप स्विम' ही आपली. 'पब्लिक स्विम', 'फॅमिली सेशन', 'फन सेशन' या आपल्या नव्हेत. तिकीट मिळेल, पण चेंडू डोक्यात बसेल. चांगल्या वेळापत्रकात लेन किती मोकळ्या हेही लिहिलेलं असतं. सहापैकी दोन असं दिसलं तर तिकीट पूर्ण आणि तलाव एक तृतीयांश असा हिशेब होतो. जर्मनीत 'वार्मबाडेटाग' हा शब्द दिसला की समजायचं, त्या दिवशी पाणी जास्त तापवतात आणि गावातले सगळे आजी-आजोबा तिथेच जमतात. पैसेही थोडे जास्त लागतात. सांधेदुखी असेल तर जरूर जा. फेऱ्या मारायच्या असतील तर दुसऱ्या दिवशी.

एक घोटाळा सगळ्यांचाच होतो, तो सांगते. वेळापत्रकं दोन असतात: शाळा चालू असतानाचं आणि शाळेला सुट्टी असतानाचं. फ्रान्समध्ये तर दोन्ही शेजारी शेजारी छापलेली असतात. पॅरिसच्या नगरपालिकेच्या तलावांत शाळेच्या दिवसांत सर्वसाधारण माणसाला सकाळी सात ते साडेआठ आणि दुपारी साडेअकरा ते दीड एवढाच वेळ मिळतो असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि सोमवारी बरेचसे बंद. सुट्टीत हेच तलाव दिवसभर उघडे. ऑस्ट्रेलियात उलटी गंमत. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळांचे जलतरणाचे सोहळे असतात आणि भर उन्हाळ्यात अख्खा तलाव एखाद्या शाळेने दिवसभर घेतलेला असतो. मुलाकडे जायच्या आधी मी त्या दोन महिन्यांचं कॅलेंडर आता वेगळं मागवून घेते.

आठवड्याची सुट्टीही बघा. हाँगकाँगचे तलाव आठवड्यातून एक दिवस सफाईला बंद असतात, शिवाय दिवसाचे तीन भाग करून दुपारी बारा ते एक आणि संध्याकाळी सहा ते सात सगळ्यांना बाहेर काढतात. सिडनीचा बॉन्डाय आइसबर्ग्जचा समुद्राकाठचा तलाव गुरुवारी रिकामा करून धुतात. त्याशिवाय वर्षातून एखादा आठवडा पूर्ण रिकामा करून दुरुस्ती. एका शहरात मी जुनी पीडीएफ बघून दोन बस बदलून, आंघोळीचं सामान खांद्यावर घेऊन पोचले, तर दाराला कुलूप आणि आत तळाशी एक माणूस फरशा घासतोय. तेव्हापासून पीडीएफवरची तारीख आधी बघते, आणि निघायच्या दिवशी तलावाचं फेसबुक किंवा इन्स्टाग्राम पान. अचानक बंद झाल्याची पाटी तिथे आधी लागते.

नकाशावर गर्दीच्या वेळांचे जे खांब दिसतात ते उपयोगी आहेत, पण त्यात जिमला आलेले लोकही धरलेले असतात. संध्याकाळी सातचा उंच खांब ट्रेडमिलवाल्यांचा असू शकतो.

आणि हवा. युरोपात ऊन पडलं की सगळं गाव उघड्या तलावावर लोटतं आणि छताखालचा तलाव ओस पडतो. त्या दिवशी आत जायचं. पावसाची भुरभुर सुरू झाली की उलट: तापवलेल्या उघड्या तलावावर कुणी फिरकत नाही. पाऊस पडतोय म्हणून पोहायला न जाणं हे कोकणातल्या माणसाला समजायचंच नाही. आम्ही तर जूनमध्ये मुद्दाम विहिरीत उतरायचो. इंग्लंडातली माझी सगळ्यात सुंदर सकाळ अशीच, वरून रिमझिम आणि सहा लेनमध्ये मिळून तीन माणसं. फक्त विजा चमकायला लागल्या तर बाहेर काढतात, आणि त्यावर वाद घालायचा नाही. सिंगापूरला तर हे नेहमीचंच, दुपारचं आभाळ भरून आलं की शिट्टी वाजलीच म्हणून समजा.

ज्या त्या देशाची खोड

फ्रान्समध्ये टोपी सक्तीची, टक्कल असलं तरी. पुरुषांना सैल अर्धी चड्डी चालत नाही, अंगाला घट्ट बसणारीच लागते. सैल चड्डी बाहेर रस्त्यावर घालून फिरता येते, म्हणून ती अस्वच्छ असं त्यांचं म्हणणं. आमच्या ह्यांना एकदा परत पाठवलं होतं. काही तलावांत टोपी आणि चड्डी विकणारं यंत्रच दाराशी असतं, त्यावरून हे किती जणांचं होत असेल ते ओळखा. बायकांनी विशेष लक्षात ठेवायचं म्हणजे आपल्याकडे मिळणारा गुडघ्यापर्यंतचा किंवा झालर लावलेला पोशाख तिथल्या बहुतेक नगरपालिका तलावांत अडवतात. पूर्ण अंग झाकणारा तर नाहीच. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथे तोच पोशाख चालतो, कापड पोहण्याचं असलं म्हणजे झालं. सुती टी-शर्ट आणि लेगिंग घालून उतरू देत नाहीत.

पॅरिसला गेलात तर ब्यूत-ओ-काय नावाच्या टेकडीवरचा १९२४ सालचा तलाव बघाच. जमिनीखालून येणाऱ्या कोमट पाण्याच्या विहिरीवर तो बांधला आहे, पाणी मुळातच २८ अंशांचं. राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्याचं किंवा आरवली-तुरळच्या कुंडाचं पाणी कुणी टाकी बांधून, फरशा लावून, तिकीट लावून ठेवलं असतं तर काय झालं असतं, असं मनात आल्यावाचून राहत नाही.

आइसलँडमध्ये पाण्यात जायच्या आधी कपडे पूर्ण काढून साबणाने आंघोळ करावी लागते. सगळ्यांच्या समोर, आडोसा क्वचित. कुठे कुठे घासायचं याचं चित्र भिंतीवर असतं. तलावात क्लोरीन कमी टाकता यावं म्हणून हा नियम, आणि तो लाजून मोडला तर तिथल्या बायका तोंडावर बोलतात. रेक्याविकच्या लायगरडाल्सलायग तलावात बर्फाळ हवेत ५० मीटरचं वाफाळतं पाणी मिळतं. तेवढ्यासाठी पाच मिनिटांचा संकोच गिळायला हरकत नाही.

जपानमध्ये टोपी हवी, अंगठ्या-मंगळसूत्र-घड्याळ उतरवायचं, गोंदण असेल तर झाकायचं. पुष्कळ ठिकाणी दर तासाला शिट्टी होते आणि पाच-दहा मिनिटं सगळे काठावर बसतात. चालणाऱ्यांची लेन वेगळी. दिशेचे बाण पाळायचे ते इतके काटेकोर की आपोआपच शांतता होते.

जर्मनीत उलट. पुष्कळ तलावांत दोऱ्याच नसतात, मान वर काढून छातीवर पोहणारे काका-काकू वाट्टेल तसे आडवे येतात. एखादी लेन 'श्पोर्टबान' म्हणून बांधलेली असते, तीच आपली. पहाटेचं 'फ्र्यूश्विमेन' हा तिथला सगळ्यात चांगला वेळ.

बुडापेस्टला मार्गारेट बेटावरचा तलाव आल्फ्रेड हायोश याच्या नावाचा आहे. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये तलाव नव्हताच. अथेन्सजवळच्या पिरेअसच्या थंड समुद्रात पोहून त्याने दोन शर्यती जिंकल्या. पुढे तो वास्तुविशारद झाला आणि १९३० साली उघडलेला हा तलाव त्यानेच आखला. समुद्रात पोहून आलेल्या माणसाने बांधलेला तलाव म्हणून मला तिथे माहेरी गेल्यासारखं वाटलं. हंगेरीत फेऱ्या मारायच्या तलावात टोपी लागते, तेवढं विसरू नका.

न्यूयॉर्कचे उन्हाळ्यातले सार्वजनिक तलाव फुकट आहेत, पण स्वतःचं कुलूप नसेल तर आत सोडत नाहीत, आणि काठावर अंगात शर्ट ठेवायचा तर तो साधा पांढराच. फेऱ्या मारणाऱ्यांसाठी वेगळी वेळ ठेवली आहे का, ते आधी बघा.

आखातात जाणाऱ्यांना एवढंच सांगते: बायकांच्या वेळा वेगळ्या असू शकतात, रमजानमध्ये सगळं वेळापत्रक बदलतं, आणि उन्हाळ्यात उघड्या तलावाचं पाणी गार करत नसतील तर ते अंगाला चटका देतं. दिरांकडे आम्ही पहाटे पाचला उतरतो.

पिशवीत

दोन टोप्या, दोन गॉगल (एकाची पट्टी परदेशातच तुटते), स्वतःचं छोटं कुलूप, त्या देशाची एक-दोन नाणी, कारण जर्मनीत आणि इतरत्र लॉकरमध्ये नाणं अडकवावं लागतं, साबण, रबरी चप्पल. जाड टॉवेलऐवजी पंचा न्या. तासाभरात वाळतो, बॅगेत मुठीएवढा होतो, आणि "हे काय आहे?" असं विचारणाऱ्या बाईशी ओळखही होते. डोक्याला तेल लावून जायचं नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि सगळ्यांना कळतं कोणाचं. घरी आल्यावर हवं तेवढं चोपडा.

साठी उलटलेल्यांनी तिकीट काढताना ज्येष्ठांची सवलत विचारावी. पुष्कळदा ती तिथल्या रहिवाशांनाच असते, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आठ-दहा वेळा जाणार असाल तर दहा प्रवेशांचं कार्ड घ्या. महिन्याचं सदस्यत्व घेण्याआधी रद्द कसं करतात ते मात्र नीट वाचा. इटलीत काही ठिकाणी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात, ते इथूनच इंग्रजीत घेऊन जावं.

एक दिवस नुसतं बघून या

माझे आजोबा कुणालाही नव्या पाण्यात लगेच उतरू देत नसत. "आधी पाण्याकडे बघ," म्हणायचे. पहिल्या दिवशी पोहायचं सामान न घेता जा. तुम्हाला जी वेळ हवी आहे, नेमक्या त्याच वेळी. बहुतेक तलावांत काचेतून किंवा गॅलरीतून आत दिसतं. दहा मिनिटं उभं राहा. लेन किती मोकळ्या, एका लेनमध्ये किती माणसं, सगळ्यात हळू लेनमधला माणूस किती हळू, हे डोळ्यांनी बघा.

मग खिडकीवरच्या माणसाला विचारा. "शांत वेळ कोणती?" असं विचारलं की "सकाळी या" असं ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी विचारायचं: मंगळवारी दोन वाजता किती लेन मोकळ्या असतात? शाळेचा वर्ग कितीला निघून जातो? पुढच्या दोन आठवड्यांत काही स्पर्धा आहे का? अशा नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. आणि लाइफगार्ड भेटला तर त्यालाच विचारा, कारण दिवसभर पाण्याकडे बघत बसणारा तोच. लीड्सला एका मुलाने मला सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी या, सगळे पबमध्ये असतात. तीन महिने मी शुक्रवारी संध्याकाळी राणीसारखी पोहले.

लेनमध्ये उतरल्यावर

लेनच्या तोंडाशी हळू, मध्यम, जलद अशा पाट्या असतात. त्या त्या दिवशीच्या माणसांवर अवलंबून असतात. पाटीपेक्षा पोहणारे बघा. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी स्पर्धेत उतरलेल्या पोरांनी जलद लेन घ्यावी. बाकी आपण मध्यमपासून सुरुवात करावी. विहिरीत शिकलेल्यांचा दम चांगला असतो, पण भिंतीला वळायची सवय नसते, तिथे वेळ जातो.

लेनमध्ये गोल फिरायचं असतं, जाताना एका बाजूने, येताना दुसऱ्या. ऑस्ट्रेलियात डावीकडून, आपल्या रस्त्यासारखं. अमेरिकेत उजवीकडून. इंग्लंडात एका लेनला घड्याळाच्या दिशेने आणि शेजारच्या लेनला उलट, म्हणजे दोरीपलीकडच्या माणसाचा हात आपल्या हातावर आपटत नाही; पाटीवर बाण असतो, तो बघून उतरायचं. मी पहिल्यांदा तो न बघता निघाले आणि अर्ध्यात एका उंच गृहस्थांच्या डोक्याला डोकं आपटलं. चूक माझी, 'सॉरी' त्यांचं.

लेनमध्ये दोघंच असाल तर अर्धी अर्धी वाटून घ्यायची पद्धत आहे. आधी थांबून विचारायचं. मान डोलावली की झालं. तिसरा आला की पुन्हा गोल. पुढे जायचं असेल तर पुढच्याच्या तळपायाला एकदा हलकं बोट लावायचं, तो भिंतीशी थांबून वाट देतो. तुम्हाला कुणी बोट लावलं तर राग मानू नका. दम लागला तर भिंतीच्या मधोमध उभं न राहता कोपऱ्यात सरका, मधली जागा वळणाऱ्यांची.

आपल्या दोन सवयी तिथे सोडाव्या लागतात. एक, तोंडात पाणी घेऊन चूळ टाकणं. खाडीत कोण बघतंय, पण तलावात शेजारची बाई थेट लाइफगार्डकडे जाते. दुसरी, काठावरून मुटका मारणं. वय कितीही असो, हात शिवशिवतात, ते मला ठाऊक आहे. आणि फोन लॉकरमध्येच ठेवा. नातवाचा फोटो काढायचा म्हणून सुद्धा तो तलावापाशी बाहेर काढायचा नाही, विचारल्याशिवाय तर नाहीच.

काहीच मिळालं नाही तर

लहान गावात उतरलात, तलाव दुरुस्तीला बंद, जवळचं शहर दीड तासावर, असंही होतं. अनोळखी समुद्रात एकट्याने उतरणं हा त्यावर उपाय नव्हे. आपली भरती-ओहोटी तिथे चालत नाही, प्रवाह ठाऊक नसतात. तेव्हा मुकाट्याने त्या दहा मीटरच्या हॉटेलच्या तलावाकडे परत या, पहाटे, मुलं उठायच्या आत. पोहणाऱ्यांसाठी कमरेला बांधायचा लांब रबरी दोर मिळतो. त्याचं दुसरं टोक शिडीच्या दांड्याला बांधायचं (शिडी हलत नाही ना ते आधी ओढून बघा) आणि जागच्या जागी हात मारत राहायचं. लांब्या मोजता येत नाहीत, घड्याळ लावून पंचवीस मिनिटं पोहायचं. जोर लावून दोर ताणला की हात जरा जड होतात, पण दम अगदी खाडीतल्यासारखाच लागतो.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमचे हे चहाचा कप घेऊन काठावर उभे होते. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खुंट्याला बांधलेली म्हैस पाहिली होती. पोहणारी आजच बघतो आहे."